हरकती आणि सूचना

वर्तमानपत्राच्या आंतल्या पानावर, बारीक अक्षरांत, अधूनमधून एक जाहीर नोटीस छापलेली असते. एखाद्या शहराचा नवा विकास आराखडा तयार झालेला असतो, एखादा रस्ता रुंद व्हावयाचा असतो, किंवा कांहीं झाडें तोडण्याचा प्रस्ताव पुढें आलेला असतो. मजकूर कोणताही असला तरी शेवटचे शब्द बहुधा ठरलेले असतात. ज्या कोणाच्या हरकती व सूचना असतील त्यांनीं त्या मुदतींत लेखी कळवाव्या, असें तेथें सांगितलेलें असतें. आपण तें वाक्य वाचतों आणि पान उलटतों. परंतु श्रोतेहो, आजच्या भाषणापुरतें आपण त्या दोन शब्दांपाशीं थोडें थांबावें, अशी माझी विनंती आहे.

हरकत म्हणजे ‘हें नको’ असें सांगणें, आणि सूचना म्हणजे ‘हें असें करा’ असें सांगणें. १९६६ सालच्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमानें विकास आराखड्याच्या मसुद्यावर या दोन्ही गोष्टी लोकांकडून मागविण्याचें बंधन घातलें. कायदा करणाऱ्यांनीं हे दोन शब्द शेजारीं शेजारीं बसविले, याला अर्थ आहे. नुसत्या हरकतीनें काम थांबतें, पण सुधारत नाहीं. आणि हरकत ऐकून घेण्याची तयारी नसेल तर सूचना मागविणें हा केवळ उपचार ठरतो. असें असतां वस्ती जसजशी वाढते तसतशी कुरकुर वाढते आणि सूचना मात्र कमी कमी होत जातात, हा आपला नेहमींचा अनुभव आहे. असें कां व्हावें, आणि त्यावर कांहीं उपाय आहे काय, हा आजचा विषय.

उदाहरणासाठीं फार लांब जावयास नको. भाईंदर स्टेशनाच्या पश्चिमेस उतरून उत्तनचा रस्ता धरला म्हणजे मुर्धे, राई, मोर्वे हीं गांवें एकापाठोपाठ एक लागतात. त्यांच्या पुढें डोंगरी आणि मग समुद्राकांठचें उत्तन. खाडी आणि समुद्र यांच्या कुशींतला हा मुलूख पिढ्यान्‌पिढ्या मिठागरांवर, भातशेतीवर आणि मासेमारीवर जगत आला. आगर म्हणजे मीठ पिकविण्याची जागा. आगरी हें नांवच त्या कष्टावरून पडलें, असें मानतात. अशा गांवांत सगळे सगळ्यांना ओळखत असत, आणि कोणाच्या बांधावरून कोणाचें पाणी जातें हेंही सर्वांना ठाऊक असे.

पुढें मुंबई वाढली आणि तिच्या उत्तरेस माणसांचा लोंढा आला. १२ जून १९८५ रोजीं पांच ग्रामपंचायती एकत्र होऊन मीरा-भाईंदर नगरपरिषद स्थापन झाली. १९९० सालीं आणखी चार ग्रामपंचायती तींत आल्या. राई-मुर्धे, डोंगरी आणि उत्तन या त्यांपैकींच होत. २८ फेब्रुवारी २००२ रोजीं नगरपरिषदेची महानगरपालिका झाली. १९९१ च्या शिरगणतींत या शहराची वस्ती सुमारें पावणेदोन लाख होती. २००१ मध्यें ती पांच लाखांच्या वर गेली आणि २०११ मध्यें आठ लाखांच्या वर. वीस वर्षांत चौपटीहून अधिक! रस्ते, पाणी, गटारें या वेगानें वाढूं शकत नाहींत हें आपण सगळे जाणतों. परंतु परस्परांचे दोष परस्परांना सांगण्याची रीतही या वेगानें वाढूं शकत नाहीं, इकडे आपलें लक्ष जात नाहीं.

ग्रामपंचायतीच्या काळीं ही रीत कशी होती? गांवची सभा भरे. सरपंचाला कोणी विचारी, विहिरीच्या कठड्याचे पैसे कोठें गेले? विचारणारा कोण, त्याचें घर कोणतें, त्याचा सरपंचाशीं जुना वाद आहे कीं काय, हें सभेला माहीत असे. उत्तर तोंडावर द्यावें लागे, आणि दुसऱ्या दिवशीं दोघांनाही त्याच वाटेनें जावयाचें असे. मी त्या सभांचें खोटें कौतुक करीत नाहीं. तेथें बायकांचा आवाज फारसा निघत नसे, आणि मोठ्या घरच्या माणसापुढें लहान घरचा माणूस कचरत असे. तरीही दोष काढणाऱ्याला आपल्या शब्दाची किंमत द्यावी लागे, आणि दोष ऐकणाऱ्याला पळ काढतां येत नसे. या दोन गोष्टींमुळें टीका मापांत राहत असे.

आतां एक योगायोग पाहण्यासारखा आहे. १९९० सालीं राई-मुर्ध्याची ग्रामपंचायत नगरपरिषदेंत विलीन झाली आणि तिच्याबरोबर ग्रामसभाही गेली. त्यानंतर तीनच वर्षांनीं, एप्रिल १९९३ मध्यें, त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें देशांतील ग्रामसभेला राज्यघटनेंत स्थान मिळालें. त्याच वर्षीं जूनमध्यें अमलांत आलेल्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीनें तीन लाख वा त्याहून अधिक वस्तीच्या शहरांना प्रभाग समित्या दिल्या खऱ्या. पण समिती ही निवडक मंडळींची, आणि सभा ही सर्व मतदारांची. गांव शहरांत गेलें तेव्हां त्याला नळ आणि दिवे यांचा हक्क अधिक मिळाला असेल, परंतु उभें राहून प्रश्न विचारण्याची जागा मात्र हातची गेली. बोलण्याची जागा नाहींशी झाली म्हणजे बोलणें थांबत नाहीं. तें ओट्यावर, गाडीच्या डब्यांत, इमारतीच्या जिन्यांत पसरतें. तेथें त्याला उत्तर देणारा कोणी नसतो, आणि उत्तर न मिळालेला प्रश्न फार दिवस प्रश्न राहत नाहीं. त्याची निंदा होते.

वाढत्या वस्तींत कडवटपणा येण्याचें हें पहिलें कारण झालें. दुसरें कारण नव्या आणि जुन्या रहिवाशांच्या नात्यांत आहे. नवा माणूस येतो तो आपल्या गरजा घेऊन येतो. गांवाची आठवण त्याच्यापाशीं नसते. तो विचारतो, हा रस्ता इतका अरुंद कां? जुन्या माणसाला तो प्रश्न ऐकूं येत नाहीं, ऐकूं येतो तो अपमान. कारण त्या रस्त्याला जागा देण्यासाठीं त्याच्या वडिलांनीं अंगण सोडलेलें असतें. उलट जुना माणूस म्हणतो, तुम्ही आलांत आणि आमचें पाणी आटलें. आणि आयुष्याची पुंजी घालून दोन खोल्या घेतलेल्या नव्या माणसाला तें जिव्हारीं लागतें. दोघांचेंही म्हणणें अर्धें खरें असतें, आणि अर्धीं सत्यें एकमेकांवर आदळलीं म्हणजे आवाज फार होतो.

तिसरें कारण माणसाच्या स्वभावांत आहे. नळाला पाणी आलें त्या दिवशीं कोणी पत्र लिहीत नाहीं. न आलें त्या दिवशीं दहा जण लिहितात. समाधानी माणूस गप्प बसतो, म्हणून समाधान कमी दिसतें. शिवाय वाईट गोष्टीचा ठसा चांगलीपेक्षां खोल उमटतो, हें मानसशास्त्रज्ञांनीं पुष्कळ निरीक्षणांवरून दाखविलेलें आहे. शंभर माणसांत एक कुरकुरा असला तर त्याला समजावतां येतें. दहा हजारांत असे शंभर निघतात, ते एकमेकांना शोधून काढतात, आणि मग सगळी वस्तीच नाखूष आहे असा देखावा उभा राहतो. त्या देखाव्याला भिऊन जे चार लोक फुकट राबत असतात तेच आधीं घरीं बसतात. वस्तीचें खरें नुकसान होतें तें येथें.

अल्बर्ट हर्शमन नांवाच्या अर्थशास्त्रज्ञानें १९७० सालीं या विषयावर एक लहानसें पण मार्मिक पुस्तक लिहिलें. एखादी संस्था घसरूं लागली कीं माणसापुढें दोन वाटा असतात, असें तो म्हणतो : सोडून जाणें किंवा बोलणें, आणि कोणती वाट धरावयाची हें पुष्कळदां निष्ठेवर ठरतें. हा विचार त्याला नायजेरियांतील रेल्वेवरून सुचला. तेथील रेल्वे वाईट चाले, पण तिच्या जोडीला मालमोटारी असल्यामुळें जे चोखंदळ गिऱ्हाईक होते ते मुकाट्यानें तिकडे गेले. रेल्वेला खडसावणारें कोणी उरलेंच नाहीं, आणि ती सुधारली नाहीं. यांतला बोध असा कीं जो माणूस अजून तक्रार करतो तो अजून आपला आहे. काळजी करावयाची ती, चांगलीं माणसें कांहीं न बोलतां निघून जाऊं लागतात तेव्हां. सदनिका विकून दुसरीकडे जातां येतें. राईच्या शेतकऱ्याला आपलें शेत उचलून कोठेंही नेतां येत नाहीं. म्हणून त्याचा आवाज मोठा असतो; तो भांडखोर आहे म्हणून नव्हे.

टीका या शब्दाचा मूळ अर्थच पाहा. संस्कृतांत टीका म्हणजे ग्रंथाचा अर्थ उलगडून सांगणारें विवरण. मल्लिनाथ हा कालिदासाचा टीकाकार; म्हणजे कालिदासाला नांवें ठेवणारा नव्हे, तर वाचकाला हात देऊन काव्यापर्यंत पोंचविणारा. ज्ञानेश्वरी हीदेखील गीतेवरील टीकाच होय. दोष दाखविणें हा अर्थ या शब्दाला पुढें चिकटला, आणि शेवटीं तेवढाच उरला. विधायक टीका असा शब्द आपल्याला वेगळा योजावा लागतो, यावरूनच मूळ शब्दाची किती झीज झाली हें दिसतें.

महाराष्ट्रानें ही विधायक टीका एके काळीं फार उत्तम रीतीनें केली. २ एप्रिल १८७० रोजीं पुण्यास सार्वजनिक सभा स्थापन झाली. तिचा एक नियम लक्षांत ठेवण्याजोगा आहे. सभासद होऊं इच्छिणाऱ्यानें निदान पन्नास प्रौढ माणसांच्या सहीचें मुखत्यारपत्र आणावें लागे. म्हणजे सरकारपुढें तोंड उघडण्यापूर्वीं पन्नास जणांच्या दारीं जाऊन त्यांचें ऐकून घेणें आलें. १८७६-७७ च्या दुष्काळांत, गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ति रानडे यांच्या काळांत, या सभेनें गांवोगांवचीं माणसें पाठवून पिकांची, पाण्याची, उपासमारीची माहिती गोळा केली आणि ती सरकारपुढें मांडली. सरकार निर्दय आहे, एवढेंच म्हणून तिला मोकळें होतां आलें असतें. परंतु तिनें माहिती दिली, आणि माहितीला उत्तर देणें शिव्यांना उत्तर देण्यापेक्षां फार अवघड असतें.

याच्या उलट बाजूही आपल्याच इतिहासांत आहे. १८८८ सालीं आगरकरांनीं ‘सुधारक’ पत्र काढलें आणि समाजाचे दोष स्पष्ट शब्दांत सांगितले. त्यांच्या युक्तिवादाला युक्तिवादानें उत्तर देणारे निघाले; पण त्यांच्या हयातींतच त्यांची प्रेतयात्रा काढणारेही निघाले. युक्तिवाद संपला म्हणजे माणूस व्यक्तीवर येतो. आगरकरांची भाषाही कांहीं मवाळ नव्हती. परंतु तिखट भाषा आणि व्यक्तिद्वेष यांत फरक आहे, आणि आगरकरांचा रोख रूढीवर होता हें आज त्यांचे विरोधकही नाकारणार नाहींत.

आतां पुन्हां राईकडे वळूं. दहिसरहून मीरा-भाईंदरकडे येणाऱ्या मेट्रो मार्ग ९ च्या गाड्या ठेवण्यासाठीं व दुरुस्त करण्यासाठीं जें कारशेड हवें होतें तें आधीं राई, मुर्धे आणि मोर्वे या गांवांच्या जमिनीवर योजिलें होतें. गांवकऱ्यांनीं जोरदार विरोध केला. त्यांची पहिली हरकत साधी होती : आमचीं घरें आणि शेतें जातात. परंतु ते तेवढ्यावर थांबले नाहींत. शेड दुसरीकडे, सरकारी जमिनीवर न्यावें, असें त्यांचें म्हणणें होतें. मेट्रो नको, असें तें म्हणणें नव्हतें. येथें नको, तेथें करा, असें होतें. हरकतीला सूचनेची जोड मिळाली, आणि या दशकाच्या पूर्वार्धांत शेड पुढें डोंगरीच्या बाजूस सरकारी जमिनीवर नेण्याचें ठरलें. एवढ्यावर गोष्ट संपली असती तर विधायक टीकेचा विजय म्हणून मी ती आपल्याला आनंदानें सांगितली असती.

पण डोंगरीला टेकडी होती आणि टेकडीवर झाडें होतीं. मार्च २०२५ मध्यें तेथील अकरा हजारांहून अधिक झाडें तोडण्याच्या प्रस्तावाची जाहीर नोटीस निघाली. पुन्हां तेच दोन शब्द, हरकती आणि सूचना. आतां डोंगरी-उत्तनचे रहिवासी आणि वृक्षप्रेमी नागरिक उभे राहिले. शहराचा कचरा आधींच उत्तनच्या डोंगरावर येऊन पडतो, त्यांत आमची झाडेंही जावयाचीं काय, हा त्यांचा प्रश्नही खोटा नव्हता.

यांत राईकरांचें चुकलें असें मी म्हणणार नाहीं. ज्याच्या शेतावर नकाशाची रेघ येते त्याला ‘नको’ म्हणण्याचा पूर्ण अधिकार आहे, आणि पर्याय शोधून देण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकणें हा अन्याय आहे. नकाशे काढणारे, जमिनींची मोजणी करणारे जाणकार पगार घेतात ते त्यासाठींच. अधिकारावरची माणसें पुष्कळदां ऐकवितात, टीका करा, पण विधायक करा. त्याचा खरा अर्थ कित्येकदां गप्प बसा असा असतो. घराला आग लागली असें ओरडणाऱ्याला, पाणी कोठून आणावयाचें तें आधीं सांग, असें कोणी म्हणत नाहीं. विधायकपणाची अट ही संकटांत सांपडलेल्या माणसाला घालावयाची नसते.

मग ती कोणाला घालावयाची? ती तुम्हां-आम्हांसारख्यांना, ज्यांचें घर जात नाहीं आणि तरीही ज्यांना पुष्कळ बोलावयाचें असतें, त्यांना. राई-डोंगरीच्या गोष्टींतून आपण घ्यावयाचा धडा असा, कीं सूचना करतांना तिच्या दुसऱ्या टोकाला कोण उभें आहे हें पाहावें. आपल्या दारांतली अडचण दुसऱ्याच्या दारांत ढकलणें ही सूचना नव्हे. मुर्धे, राई, डोंगरी आणि उत्तन या गांवांची एकत्र सभा भरून नकाशा पुढें ठेवला गेला असता, तर कदाचित् यांतलें कांहीं कटु टळलें असतें. जुनी ग्रामसभा एका गांवापुरती होती. शहराला अशी सभा हवी कीं जींत एका गांवाची हरकत दुसऱ्या गांवाला ऐकूं येईल.

हा धडा घरच्या पातळीवर गिरवितां येतो. आपल्यांतील बहुतेक जण कोणत्या ना कोणत्या गृहनिर्माण संस्थेचे सभासद आहेत. सप्टेंबर अखेरपर्यंत तिची वार्षिक सभा होते. वर्षभर जिन्यांत चाललेली कुजबुज त्या दिवशीं सभेंत येत नाहीं, आणि आली तर भांडण होऊन येते. तेथें बोलण्यापूर्वीं प्रत्येकानें स्वतःला चार प्रश्न विचारावे. मी जें सांगणार आहें तें स्वतः पाहिलें आहे, कीं कोणाकडून ऐकलें आहे? माझा रोख कामावर आहे, कीं काम करणाऱ्यावर? ज्याच्या हातीं दुरुस्ती आहे त्यालाच मी हें सांगत आहें, कीं त्याच्याखेरीज सगळ्यांना? आणि माझें म्हणणें मान्य झालें तर त्याचा खर्च व श्रम कोण सोसणार? ‘टाकी साफ होत नाहीं, चिटणीस निष्काळजी आहेत’ हें एक वाक्य आहे. ‘मार्चपासून टाकी साफ झालेली नाहीं, पुढच्या रविवारीं माणूस बोलावल्यास मी उभा राहून तें काम करून घेईन’ हें दुसरें. पहिल्या वाक्यानें चिटणीस राजीनामा देतो. दुसऱ्यानें टाकी साफ होते.

ऐकणाऱ्याचेंही कर्तव्य आहे, आणि तें बोलणाऱ्याच्या कर्तव्याहून हलकें नाहीं. त्यानें प्रत्येक तक्रार नोंदवावी, मुदतींत उत्तर द्यावें, आणि सूचना नाकारावयाची असल्यास कारण सांगावें. माणसाला नकार सोसतो. दुर्लक्ष सोसत नाहीं. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानें सरकारी कचेरीला तीस दिवसांत उत्तर देण्याचें बंधन घातलें तें उगीच नव्हे. माहिती दडविली जाते तेथें संशय वाढतो, आणि संशयाच्या पोटीं विधायक टीका जन्मास येत नाहीं. कचेरीला जो नियम, तोच संस्थेच्या समितीला, आणि म्हटलें तर कुटुंबांतील वडील माणसालाही.

शेवटीं भाईंदरच्या मिठागरांची आठवण करून मी हें भाषण संपवितों. मीठ पिकवितांना भरतीचें पाणी वाफ्यांत घेतात आणि उन्हानें तें आटूं देतात. मिठाचे खडे बसूं लागले म्हणजे वर एक कडू पाणी उरतें. जाणता आगरी तें वेळेवर काढून टाकतो. तें तसेंच आटूं दिलें तर सगळें मीठ कडू होतें. पण त्या कडू पाण्याला भिऊन तो समुद्राचें पाणीच वाफ्यांत घेत नाहीं, असें मात्र कधीं होत नाहीं, कारण मग मीठही मिळणार नाहीं. वाढत्या वस्तीनें लोकांच्या तक्रारी अशाच आंत घ्याव्या. पुढची नोटीस वर्तमानपत्रांत दिसेल तेव्हां पान उलटूं नका. तुमचें घर त्या नकाशांत नसलें तरी, ज्याचें आहे त्याला जाऊन विचारा, आणि मग मुदतींत एक कागद लिहा. त्यावर हरकत असूं द्या, आणि जमल्यास तिच्या खालीं एक सूचनाही.